तेल गेलं कुठे

सिग्नल हिरवा झाला. मी ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेला, दाबला, आणि गाडी जागची हलली नाही. इंजिनाचा आवाज वाढला, समोरचा काटा वर चढला, पण चाकांना त्याचा पत्ताच नाही. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न धरला. मी आणखी दाबलं, आणि मग कुणीतरी पाठीत गुद्दा घालावा तसा हिसका देऊन गाडी पुढे सुटली. माझं डोकं मागे आपटलं, बाजूच्या सीटवरचा डबा खाली पडला आणि बोंबलाच्या कालवणाचा वास गाडीभर झाला. कटई नाक्याच्या दृष्टीने यात काहीच घडलं नव्हतं. रिक्षा मला डावीकडून ओलांडून गेली, जाता जाता रिक्षावाला हसला, बाई चालवतेय म्हटल्यावर हसतात तसा, आणि मी नेहमीसारखी डोंबिवलीच्या रस्त्याला लागले. पण मी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. पुढच्या प्रत्येक गतिरोधकाला, प्रत्येक खड्ड्याला मी मनात म्हणत होते, आता उचल, आता उचल. गाडी उचलत होती. कधी पटकन, कधी थोडा विचार करून. तो विचार मला सहन होत नव्हता.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. गेला म्हणजे आहे, जागच्या जागी आहे, पण त्याचा उपयोग चप्पल घालण्यापुरता. कोपरीच्या कोळीवाड्यात ‘लंगडी मेघाली’ म्हटलं की अजून कुणीही घर दाखवेल, आणि त्यात कुणाला वाईट बोलल्यासारखंही वाटत नाही. आमच्यात सगळ्यांना अशीच नावं पडतात. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मला कुणी ना कुणी नेलं. आधी बाबांनी खांद्यावरून, मग भावाने सायकलवरून, मग रिक्षावाल्यांनी, मग कॉलेजातल्या मैत्रिणींनी कोपराला धरून. लोक मदत करतात तेव्हा चांगुलपणानेच करतात, मी नाही म्हणत नाही. पण दर वेळी ते तुमच्यातलं थोडं काहीतरी घेऊन जातात आणि तुम्हाला वर ‘थँक यू’ म्हणावं लागतं. मग डोंबिवलीच्या एका निवृत्त जोडप्याने त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी विकायला काढली. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. पहिल्यांदा ती एकटीने चालवत मी शीळफाट्यापर्यंत गेले आणि परत आले. वाटेत कुठे उतरले नाही, काही विकत घेतलं नाही. नुसती गेले आणि आले. घरी येऊन मोरीत तोंडावर पाणी मारत बराच वेळ रडले. आईला वाटलं कुठे ठोकली. तेव्हाच ती गाडी सव्वा लाख किलोमीटर फिरलेली होती, आता दोन लाखांना टेकली आहे. नवी घेणं माझ्या पगारात बसत नाही, आणि जुन्या ऑटोमॅटिकला कुणी वाली नाही. म्हणजे ही बसली की मी बसले. इतकं साधं आहे ते.

मी डोंबिवलीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माणसाच्या अंगातून बाहेर येऊ शकतं ते सगळं मी दिवसभर बघते, त्याचा रंग, त्याचा वास, आणि रिपोर्टवर सही करते. त्या शनिवारी मी स्लाइडवर डोळा लावून बसले होते आणि मला दिसत होता तो कटई नाका. एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात येत होती. दिवाळीच्या सुमाराला कळव्याच्या एका गॅरेजवाल्याला मी विचारलं होतं, की गिअरबॉक्सचं तेल बदलायचं असतं का. तो म्हणाला होता, “मॅडम, इतकी चालल्यावर हात लावायचा नाही. जुन्या तेलात झिजलेली सगळी भुकटी असते, तिच्याच जोरावर तुमची गाडी पकडते. नवं टाकाल आणि उद्या जाग्यावर उभी राहील.” मला ते लगेच पटलं. हात लावायचा नाही, हे ऐकायला कुणाला आवडत नाही? आमच्या घरात तर सगळं त्याच न्यायाने चाललेलं. जयेश, माझा धाकटा भाऊ, लग्न करून कळव्याला राहायला गेला, त्यावर कुणी काही बोललं नाही. बाबांची होडी गेली, त्यावर कुणी काही बोललं नाही. चाललंय ना, मग चालू दे. दुपारपर्यंत मला वाटायला लागलं की माझ्या छातीतही काहीतरी उशिरा पकडतंय. शेवटी लॅबच्या साहेबांनी एमआयडीसीतल्या गॅरेजवाल्या रवींद्रचं नाव सांगितलं आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

रवींद्र हा चाळिशीचा, सतत फोनवर असणारा माणूस. एका कानाने माझं ऐकत होता, दुसऱ्याने कुणाशी तरी बंपरवरून भांडत होता. त्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली, उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडून गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली. फडक्याने पुसली, परत घातली, परत ओढली. पट्टीच्या अगदी टोकाला काळं बोट लागल्यासारखा डाग होता, बाकी कोरडी. “तेल कमी आहे,” तो म्हणाला. “कमी म्हणजे फारच कमी. म्हणून पकडत नाही.” मग गाडी लिफ्टवर चढली. मी खाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसून माझ्याच गाडीचं पोट बघत होते. बघू नये असं काहीतरी बघतोय असं वाटत होतं. रवींद्र टॉर्च घेऊन सगळीकडे फिरला. “गळती कुठेच नाही,” तो म्हणाला. “सील सुकं आहे, पाइप सुके आहेत. खाली तेलाच्या पॅनवर धूळ बसलीय बघा, गळत असतं तर चिखल झाला असता. मग तेल गेलं कुठे?” तो मलाच विचारत होता, जसं काही मी ते पर्समधून नेलं असावं. मी म्हटलं, “जळत असेल.” तो म्हणाला, “हे तेल जळत नाही मॅडम. इंजिनाचं जळतं. हे फिरत राहतं नुसतं.”

कळव्यावाल्याचं म्हणणं मी त्याला सांगितलं. त्याने फोन खिशात टाकला. पहिल्यांदाच. “तो अगदीच चूक नाही,” तो म्हणाला. “मशीन लावून एकदम सगळं तेल धुऊन काढलं तर जुनी गाडी बिथरते. मी अशा दोन बघितल्यात. आपण पॅनमधलं तेवढं काढू. निम्मं निघेल, निम्मं आत अडकून राहतं. तेवढंच नवं भरू. आठवडाभर चालवा, मग परत निम्मं. असं तीनदा. हळूहळू सवय होते तिला.” “आणि नाहीच झाली तर?” “गॅरंटी नाही देत. पण कमी तेलावर चालवलीत तर मात्र गॅरंटी देतो, ती बसणार.” मी हो म्हटलं. ‘हो’ म्हणताना माझा आवाज लॅबमध्ये पेशंटचा येतो तसा आला, सुई टोचायच्या आधीचा.

त्याने बोल्ट सैल केला आणि तेल पडायला लागलं. रवींद्रने नव्या तेलाचा डबा आधीच उघडून ठेवला होता. ते लालभडक, कोकमाच्या आगळासारखं. आणि हे पडत होतं ते करडं-काळं, कडेला जिथे पातळ व्हायचं तिथे तांबूस. त्याचा वास माझ्यापर्यंत आला. थोडा करपलेला, थोडा गोडूस, नाकात चिकटणारा. आणि मी स्टुलावरून अर्धवट उठले, कारण हा वास माझ्या ओळखीचा होता. वासाच्या बाबतीत माझं नाक फसत नाही, कोळणीची मुलगी आहे, बाजारातलं शिळं पापलेट मी दहा हातांवरून सांगते. हा वास मी रोज घेत होते. पण गाडीत नाही. कुठे मग? लॅबमध्ये नाही. हॉस्पिटलात नाही. डोकं नुसतं भिरभिरत होतं. होडीवर? होडीला डिझेलचा वास, कुजलेल्या दोराचा वास, हा नाही. हा वास कडी काढताना यायचा. घराची कडी. आमच्या पुढच्या दाराची.

आमचं ते दार जन्मापासून करकरायचं. रात्री उशिरा आलेला कुणीही त्या दारातून गुपचूप आत आलेला नाही; आई झोपेतूनही सांगायची, जयेश आला. आणि या पावसाळ्यापासून ते करकरत नव्हतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आवाज सुरू झालेला कळतो, थांबलेला कुणाला कळतो? बिजागरीखाली तांबूस ओघळ दिसायचा, तो मी गंज समजले होते. मग एकेक आठवत गेलं. शेजारच्या सगुणामावशीचं फाटक. कोपऱ्यावरच्या वाण्याचं शटर, जे उघडताना अख्खी आळी जागी व्हायची. मावशी आईला सांगत होती, दामाजीने, म्हणजे आमच्या बाबांनी, सगळ्या आळीची दारं मुकी करून टाकली. आई हसून म्हणाली होती, “त्याला काम नाय ना आता, मंग बसतंय दारां सुदारत.” आमच्या खाटेखाली एक पाण्याची बाटली असते, त्यात तपकिरी काहीतरी. मी ते होडीचं उरलेलं तेल धरून चालले होते. आणि शेजारी एक मोठी सिरिंज, जी मीच लॅबमधून आणली होती, मांजरीच्या पिल्लाला दूध पाजायला. तिच्या तोंडाला बाबांनी बारीक नळी बसवली होती. पिल्लू मोठं होऊन कधीच पळून गेलं होतं.

“रवींद्र,” मी म्हटलं, “हे तेल इंजिन बंद करून बघितलं तर?” तो बोल्ट पुसत होता. “मग जास्त दिसणार. बंद केलं की वरचं सगळं खाली पॅनमध्ये उतरतं ना. खुणेच्या वर चढेल. पुष्कळ लोक तिथेच फसतात, इंजिनचं तेल बघायची सवय असते, ते गाडी थंड करूनच बघायचं असतं. पण हे गरम आणि चालू असतानाच बघायचं.” मग त्याने बोल्ट खाली ठेवला. “का? कुणी काढलंय का?” मी म्हटलं, “नाही.” इतक्या पटकन म्हटलं, की त्याने पुन्हा विचारलं नाही.

इंजिन निजलं की मंग तेल बगायचं. हे बाबांचं वाक्य. लहानपणी मी ते शंभरदा ऐकलेलं. खाडीतून होडी परत आली की ते लगेच इंजिनला हात लावायचे नाहीत. जाळं उतरवायचे, मासळी आईच्या टोपलीत जायची, चहा व्हायचा, बिडी व्हायची, आणि मग जणू बाळ उठेल अशा बेताने ते पट्टी ओढायचे. खुणेच्या वर दिसलं तर जास्तीचं काढून टाकायचे. जास्त तेल म्हणजे सील फुटणार, मधल्या खाडीत होडी उभी राहणार, भरतीला वाहून जाणार. उभ्या आयुष्यात त्यांची होडी मध्येच उभी राहिली नाही. असा तो जन्मभराचा खरा नियम. तो त्यांनी माझ्या गाडीला लावला. दर रविवारी गाडी धुतल्यावर, ती निजल्यावर, बॉनेट उघडून ते उभे असायचे आणि मी खिडकीतून बघत चहा प्यायचे. मला वाटायचं इंजिनचं तेल बघतात. ते दोन्ही बघत होते. आणि दुसऱ्या पट्टीवर दर खेपेला जास्त दिसलं की थोडं काढत होते, माझी गाडी मध्येच कुठे उभी राहू नये म्हणून. फेकून कसं देणार, कोळ्याच्या घरी तेल फेकत नाहीत. ते आळीच्या दारांना.

रवींद्रने नवं भरलं, चालू ठेवूनच बघितलं, पैसे घेतले, पुढच्या शनिवारी या म्हणाला आणि पुन्हा बंपरच्या भांडणात शिरला. मी निघाले. गाडी पहिल्या गिअरला नीट पकडत होती. दुसऱ्याला किंचित अडखळायची, मग घ्यायची. मला बरं वाटायला हवं होतं. मला राग येत होता. असा राग, की कान तापले. माझ्याच बापाने माझा पाय थोडा थोडा करून काढून घेतला होता आणि वाण्याच्या शटरला लावला होता. मला एकदा विचारायचं. मला नाही तर कुणाला तरी. पण कोळीवाड्यातला म्हातारा गाडीच्या बाबतीत कुणाला विचारणार? त्यांना सगळं येतं. त्यांना सगळं येतं असं आम्हीच लहानपणापासून म्हणत आलो. मी मोठ्याने बोलायला लागले, एकटीच, काचा बंद करून. “बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?” वाक्य छान जमलं. मी ते तीन-चार वेळा वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितलं. मग माझ्या लक्षात आलं की हे वाक्य माझं नाहीच. हे जयेशचं.

गेल्या वर्षी बाबांना होडीवरच अर्धांगाचा झटका आला. मोठा नव्हता. सावरले, फक्त उजवा हात थोडा थरथरतो आणि जीभ कधीकधी जड होते. ते हॉस्पिटलातून घरी आले त्याच आठवड्यात जयेशने होडीचं इंजिन विकून टाकलं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. “बाबा, तुम्हाला कोणी सांगितलंय आता खाडीत जायला? बसा की आरामात.” जयेशचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खाडीत तरी काय उरलंय, काळं पाणी आणि प्लास्टिक. पण त्यानंतर बाबा बसले. खरोखरच बसले. भिंतीकडे तोंड करून, पाय जवळ घेऊन. जेवण समोर ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. आई बाजारातून येऊन त्यांच्याशी भांडण काढायची, निदान ओरडतील म्हणून. ते ओरडायचे नाहीत. बरेच दिवस गेले असे. आणि मग एका रविवारी मी खिडकीतून बघितलं तर ते बादली घेऊन माझ्या गाडीपाशी उभे. त्या दिवशी त्यांनी आईकडे दुसऱ्यांदा भात मागितला. आईने मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन सांगितलं, “गाडीचं काय पन करू दे त्याला. तू गप र्‍हा.” मी गप राहिले.

मुंब्रा बायपासला लागायच्या आधी मी गाडी कडेला घेतली आणि जयेशला फोन केला. का केला ते मला अजून सांगता येत नाही. एकटीला पेलत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला आधी. मग त्याचा आवाज बदलला. “ताई, हे थांबवायला पाहिजे. गाडी बंद पडली तर तुझी नोकरी जाईल. तू काय बोलू नको, तुला जमायचं नाही. मी संध्याकाळी येतो ना, मी सांगतो त्यांना सरळ. बॉनेटला हात लावायचा नाही म्हणजे नाही. दुसरी चावी पण घेऊन जातो.” तो बरोबर बोलत होता. प्रत्येक शब्द बरोबर. बाजूने कंटेनर जात होते आणि प्रत्येकासरशी माझी गाडी जागच्या जागी थोडी हलत होती. मला भिंत दिसत होती, आमच्या मधल्या खोलीची, निळ्या रंगाची, जिथे बाबांचं डोकं टेकून टेकून रंग मळला होता. मी म्हटलं, “येऊ नको.” “अगं पण...” “येऊ नको जयेश. गाडी माझी आहे.” फोन ठेवला आणि लगेच वाटलं, मोठी आलीय. करणार काय आहेस? गप्प बसलीस तर उद्याच्या रविवारी नवं लाल तेल पुन्हा बाटलीत जाईल. बोललीस तर भिंत. तेलही गेलं, तूपही गेलं, तशातली गत.

कळव्याचा पूल ओलांडताना खाडीला ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता. मी सवयीने बघितलं, बाबांनी सवय लावली आहे, पाणी कुठवर आहे ते बघायची. तिकडे एक-दोन होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. मला तेव्हा वाटलं की हा माणूस आता फक्त माझ्या गाडीमुळे उठतो, आणि मी फक्त या गाडीमुळे एकटी जाते-येते, आणि गाडी एकच आहे. डोळे भरून आले. वैताग वैतागाच्या जागी होताच.

कोळीवाड्यात शिरले तेव्हा ऊन उतरलं होतं. आमची आळी खाडीकडे उतरती आहे, शेवटी गाडी लावायला जरा मोकळी जागा. बाबा ओट्यावर बसलेले होते. गाडीचा आवाज त्यांनी वळणावरच ऐकला असणार, कारण मी पोचेपर्यंत ते फडकं घेऊन उतरले होते. “लवकर आयलीस?” त्यांनी विचारलं. “गाडी अडत होती बाबा. डोंबिवलीला तेल बदलून घेतलं. गिअरचं.” त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि मला ते बघवेना. “बरां केलंस. जुनां झालेलां. मी बगत होतू ना.” मग ते ओट्याकडे वळले. “निजू दे तिला. मंग बगतू मी, त्यांनी बरोबर भरलंय का ते. या गराजवाल्यांचा काय भरोसा नाय, जास्तीच भरतात.”

मी इंजिन बंद केलं नव्हतं. हात चावीवर होता. आई दारात आली होती, ओल्या हातांनी, आणि माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नव्हतं, पण माझा चेहरा तिला कळतो. मी म्हटलं, “बाबा, आताच बघा ना. चालू आहे तोवर.” ते हसले. “चालू इंजिनात कोन तेल बगतं गो?” “तुम्ही बघा तर. एकदा चालू असताना बघा, मग बंद करून बघा.” मी आतली कळ ओढली. गाडीचं बॉनेट उघडलं. बाबा फडकं हाताला गुंडाळून वाकले. पट्टी ओढली, पुसली, घातली, ओढली. “बरोबर खुनेवर हाय,” ते म्हणाले. थोडे नाराजच झाले, चूक सापडली नाही म्हणून. मी इंजिन बंद करून खाली उतरले. आम्ही दोघं थांबलो. बाबा ओट्यावर बसले नाहीत, बॉनेटला टेकून उभे राहिले. आई आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी त्यांचा थरथरणारा हात बघत होते आणि मनात म्हणत होते, नको, राहू दे, नका बघू, उगीच सांगितलं मी. मग त्यांनी पुन्हा पट्टी ओढली.

खुणेच्या कितीतरी वर, लाल, स्वच्छ. त्यांनी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तेवढंच. पट्टी हातात आडवी धरून ते ती बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं. उजवा थरथरत होता, डाव्याने तो धरला होता. जन्मभर इंजिनं हाताळलेल्या माणसाला आणखी सांगायला काही लागत नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पट्टी जागेवर घातली, नीट, शेवटपर्यंत दाबून. घरात गेले. खाटेखालून बाटली घेऊन आले. निम्म्याहून जास्त भरलेली होती. ती माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, “हे परत टाकलां तर चालंल?” मी म्हटलं, “नाही बाबा. ते काळं झालंय.” त्यांनी मान हलवली. बाटली खाली ठेवली. मग त्यांनी हाताचं फडकं सोडलं, चार घड्या घातल्या, आणि माझ्या हातात दिलं. “तुज्याकरं ठेव,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती. “मना नाय कलत यातलां.”

आणि ते निघाले. ओट्याकडे नाही, आत, मधल्या खोलीकडे. आई दारातून बाजूला झाली, त्यांना वाट द्यायला. मी हाक मारली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, नुसती हाक मारली. ते थांबले, वळले नाहीत. “बाबा,” मी म्हटलं, “हे चालूच ठेवून बघावं लागतं. आळी उतरती आहे. मी आत ब्रेक दाबून बसणार. माझा एकच पाय आहे, तो तिथे. मग पट्टी कोण बघणार?” हँडब्रेक चांगला धरतो. ते मला ठाऊक होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पावसाळ्याआधी त्याची तार त्यांनीच कसली होती. ते तसेच पाठमोरे उभे, उंबऱ्यावर एक हात. मी फडकं बॉनेटच्या कडेवर ठेवलं, लंगडत गाडीत जाऊन बसले आणि चावी फिरवली.

समोर उघडं बॉनेट, त्यापलीकडचं काहीच दिसत नव्हतं. पाय ब्रेकवर होता. मी तो सगळं वजन टाकून दाबून धरला, जसं काही सोडला तर गाडी खरंच खाडीत जाणार होती. इंजिन चालत राहिलं. कुणी आलं नाही. कितीतरी वेळ कुणी आलं नाही, आणि मग बॉनेटखालच्या फटीतून मला त्यांचा मळका सदरा दिसला. फडकं कडेवरून उचललं गेलं. आत पंखा फिरत होता, पट्टा फिरत होता, आणि त्यांचा तो हात आता त्या सगळ्याच्या जवळ होता. मी ओरडून विचारलं, “बाबा, दिसतंय का?” मी पुन्हा विचारलं.

“थांब गो,” ते म्हणाले. “मना नीट बगू दे.”